धिंड पाहणारे

(दृश्य: कृष्णधवल छायाचित्र. आधी फक्त कडेची गर्दी.)

या फोटोतल्या बाईकडे आपण नंतर येऊ. आधी तिच्याभोवतीची माणसं पाहा. बायका आहेत, पुरुष आहेत, पोरं आहेत. बरेच जण हसताहेत. वरातीत चालावं तशी ही मंडळी चालली आहेत.

तारीख 16 ऑगस्ट 1944. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि फ्रान्समधलं शार्त्र शहर जर्मनांच्या ताब्यातून सुटत होतं. छायाचित्रकार रॉबर्ट कापा तिथे होता.

(दृश्य: फोटोचा मध्यभाग.)

आता ती बाई. डोकं भादरलेलं. छातीशी काही महिन्यांचं बाळ. बाळाचा बाप जर्मन सैनिक, हा तिच्यावरचा ठपका. ती बाळाकडे बघतेय, गर्दीकडे बघत नाही. शेजारी गणवेशातला पोलीस चालतोय. तो कुणालाही अडवत नाही.

1943 ते 1946 या काळात फ्रान्समध्ये जर्मनांना साथ दिल्याच्या आरोपावरून सुमारे 20,000 स्त्रियांचं मुंडण झालं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. गावच्या चौकात खुर्ची मांडायची, बाईला बसवायचं आणि सगळ्यांसमोर केस कापायचे. कुणाच्या कपाळावर स्वस्तिक रंगवलं, कुणाचे कपडे फाडले. मग ट्रकमध्ये उभं करून गावभर धिंड.

यातल्या काही जणींनी खरोखरच शेजाऱ्यांची नावं जर्मनांना दिली होती. तो गंभीर गुन्हा होता. पण त्यासाठी पुरावा हवा, साक्ष हवी, न्यायाधीश हवा. चौकात यातलं काहीच नव्हतं. जर्मन सैनिकावर प्रेम करणारी, त्यांचे कपडे धुणारी आणि माणसं पकडून देणारी, सगळ्यांना एकच कात्री. शिवाय जर्मनांशी धंदा करून पैसा केलेले पुरुषही होते. त्यांचं काय झालं? मुंडण झालं ते जवळजवळ फक्त बायकांचं. हाताला लागली तीच गुन्हेगार ठरली.

आणखी एक तारीख सांगतो, कारण ती मला फार टोचते. 21 एप्रिल 1944. फ्रेंच स्त्रियांना मताचा हक्क देणारा आदेश त्या दिवशी निघाला. चार महिन्यांत त्याच देशाच्या चौकाचौकांत बायकांना केसांना धरून ओढत आणलं जात होतं.

हा सूड होता, हे खरं. पण चार वर्षं जर्मन सत्तेखाली मान खाली घालून काढलेल्या माणसांना स्वतःचं गप्प बसणंही सलत होतं. दुसऱ्या कुणाची लाज चव्हाट्यावर मांडली की आपली झाकली जाते. फोटोतलं ते हसू मला तरी सुटकेचं वाटतं.

(दृश्य: वस्तरा, मुंडण यांची जुनी छायाचित्रं, एकामागून एक.)

ही शिक्षा फ्रान्सने शोधलेली नव्हती. 1936 पासून स्पेनच्या यादवीत बंडखोर सेनापती फ्रँकोच्या लोकांनी विरोधी बाजूच्या बायकांची डोकी भादरली. त्यांना एरंडेल पाजलं आणि पोट बिघडलेल्या अवस्थेत रस्त्यांवरून फिरवलं. बाईची सगळ्यांसमोर विटंबना व्हावी, एवढाच त्या एरंडेलाचा उपयोग. नाझी जर्मनीत पोलिश मजुरांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून जर्मन बायकांचे केस चौकात कापले गेले, गळ्यात पाट्या अडकवल्या गेल्या. ऑक्टोबर 1941 मध्ये हिटलरच्या आदेशाने हे जाहीर प्रकार थांबवले गेले. तीन वर्षांनी नाझींपासून मुक्त झालेल्या गावांनी नाझींचीच शिक्षा उचलली, आणि ती करताना त्यांना न्याय केल्याचं समाधान वाटत होतं.

चीनमध्ये, सर्वोच्च नेते माओ यांनी पेटवलेल्या सांस्कृतिक क्रांतीत, पुरुषही सुटले नाहीत. 12 सप्टेंबर 1966 रोजी हार्बिन शहरातल्या प्रचंड सभेत प्रांताचे गव्हर्नर ली फानवू यांचे केस रेड गार्ड्सनी, म्हणजे माओच्या तरुण अनुयायांनी, ओरबाडून कापले. त्यांच्या केसांची ठेवण माओसारखी होती, म्हणजे मनात सत्तेची हाव असणार, असा आरोप! तो प्रसंग छायाचित्रकार ली झेनशेंग यांनी टिपला आणि निगेटिव्ह घरातल्या जमिनीखाली लपवून ठेवल्या. म्हणून आज आपण तो पाहू शकतो.

(दृश्य: जुनं चित्र. लाकडी फळ्यांत मान आणि हात अडकलेला माणूस.)

शिक्षा कोर्टाने ठरवली आणि फक्त अपमान गर्दीवर सोपवला तर? इंग्लंडने हे शतकानुशतकं करून पाहिलं. अपराध्याची मान आणि हात लाकडी खोड्यात अडकवून त्याला बाजारात उभं करायचे. शिक्षा होती ठरलेल्या वेळापुरतं उभं राहण्याची. पुढचं गर्दीच्या हातात. 1703 मध्ये लेखक डॅनियल डिफो तीन दिवस असा उभा होता. लोक त्याच्या बाजूचे होते, त्याला इजा झाली नाही. 1780 मध्ये लंडनच्या साउथवर्कमध्ये समलिंगी संबंधांच्या आरोपावरून दोघांना उभं केलं. गर्दीने इतकं मारलं की त्यातला एक मेला. खासदार एडमंड बर्क यांनी संसदेत आवाज उठवला, की ही शिक्षा लाजेची होती, मरणाची नव्हती. त्याबद्दल एका वर्तमानपत्राने बर्क यांनाच झोडपलं. खोडा कायद्यातून पूर्ण जायला 1837 साल उजाडलं.

डिफोची आणि त्या माणसाची शिक्षा कागदावर सारखीच होती. एक घरी गेला, दुसरा गेला नाही. फरक कोर्टाने केला नव्हता.

(दृश्य: पुन्हा फ्रान्स. युद्धानंतरची शाळा.)

कोर्टाची शिक्षा कधीतरी संपते. गर्दीने दिलेल्या शिक्षेला मुदत नसते. कापलेले केस वर्षभरात वाढले, पण जर्मन बापांपासून झालेली हजारो मुलं शाळेत गेली तेव्हा ‘बोश’ ही जर्मनांसाठीची शिवी त्यांच्या वाट्याला आली. कित्येकांना बाप कोण हे घरात कुणी सांगितलंच नाही. त्यांनी काय केलं होतं? जन्माला आली होती, एवढंच. 2009 मध्ये जर्मनीने या मुलांना नागरिकत्व देऊ केलं. बापाचा देश आपलाही आहे, असा कागद मागायला ती मुलं सरकारी कचेरीत गेली, तेव्हा त्यांची वयं पासष्टीच्या आसपास होती.