समोर काय आहे? : व्हिएन्ना पाहण्याची एक रीत

मित्रहो, नमस्कार.

आपल्याकडून युरोपला जाणाऱ्या बहुतेक सहलींत व्हिएन्नाच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो. सकाळी शोनब्रुनचा राजवाडा, दुपारी बसमधून रिंग रस्त्याची एक चक्कर, संध्याकाळी वाद्यवृंदाचा कार्यक्रम, आणि दुसऱ्या दिवशी गाडी प्रागच्या नाहीतर बुडापेस्टच्या वाटेला लागते. परत आल्यावर काय पाहिलं असं विचारलं, तर लोक म्हणतात, ‘सगळ्या इमारती एकसारख्याच भव्य होत्या.’ हे ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण एकमेकींशी इतकं भांडणाऱ्या इमारती दुसऱ्या कुठल्या राजधानीत क्वचितच असतील. म्हणून आज मी तुम्हाला प्रेक्षणीय स्थळांची यादी देणार नाही, एक सवय सुचवणार आहे. व्हिएन्नात कुठल्याही इमारतीसमोर उभे राहिलात, ती मनसोक्त पाहून झाली, की पाठ फिरवा आणि तिच्या समोर काय आहे ते पाहा.

सुरुवात अर्थातच रिंगपासून, म्हणजे जुन्या शहराला वळसा घालणाऱ्या रुंद रस्त्यापासून. जुन्या व्हिएन्नाभोवती जाड तटबंदी होती. १५२९ आणि १६८३ अशी दोनदा तुर्की फौजांनी शहराला वेढा घातला आणि दोन्ही वेळा शहर टिकलं. तटाबाहेर चहूबाजूंनी एक मोकळं मैदान राखलेलं होतं. शत्रूला आडोसा मिळू नये म्हणून तिथे बांधकामाला बंदी होती. पुढे तोफा बदलल्या, नेपोलियन १८०५ मध्ये आला, १८०९ मध्ये पुन्हा आला, आणि तटबंदीचा उपयोग संपल्याचं सगळ्यांना दिसलं. तरी ती पाडायला १८५७ चा डिसेंबर उजाडावा लागला. सम्राट फ्रान्झ योझेफनं हुकूम काढला आणि १८६५ च्या मे महिन्यात तटाच्या जागेवरच्या या रस्त्याचं उद्‌घाटन झालं. आपल्या मुंबईच्या फोर्टची तटबंदी याच दशकात, बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, पाडली गेली. त्यामुळे ओव्हल मैदानावर उभं राहून विद्यापीठाकडे पाहणाऱ्या माणसाला रिंगवर फार परकं वाटणार नाही.

पैसा कुठून आला, हे समजून घ्यायला हवं. मैदानाची जमीन तुकड्यातुकड्यांनी धनिकांना विकली आणि त्या पैशातून सार्वजनिक इमारती उभ्या केल्या. म्हणून रिंगवर एकीकडे संसद, विद्यापीठ, नाट्यगृह, वस्तुसंग्रहालयं आहेत आणि त्यांच्या शेजारीपाजारी बँकवाल्यांचे, कारखानदारांचे महाल.

आता विद्यापीठाच्या परिसरात या आणि हळूहळू एक पूर्ण गिरकी घ्या. नगरपालिकेची इमारत गॉथिक वळणाची आहे, उंच टोकदार मनोऱ्याची. ती बांधणाऱ्या फ्रीडरिश फॉन श्मिटला मध्ययुगातल्या स्वायत्त शहरांची आठवण जागवायची होती. संसद ग्रीक आहे, कारण थिओफिल हान्सेन अथेन्समध्ये बरीच वर्षं राहिलेला वास्तुकार होता आणि लोकशाहीचा उगम ग्रीसमध्ये मानला जातो. या दोन्ही इमारती १८८३ मध्येच पुऱ्या झाल्या. ज्ञानाचं पुनरुज्जीवन म्हणून विद्यापीठ रेनेसाँ शैलीतलं, १८८४ चं. म्हणजे पाचशे, हजार, दोन हजार वर्षांच्या जुन्या वाटणाऱ्या या वास्तू साधारण एकाच वेळी बांधल्या जात होत्या. प्रत्येक संस्थेनं आपल्याला शोभेल असा इतिहास निवडला आणि अंगावर चढवला. मला यात कारागिरीचं मोल कमी करायचं नाही. हान्सेनची संसद अतिशय देखणी आहे. पण हे एकदा ध्यानात घेतलं की पुढचा सगळा वाद उलगडतो.

एक दुःखाची गोष्ट इथेच सांगतो. ऑपेराची इमारत दोन वास्तुकारांनी मिळून केली, झिकार्ड्सबुर्ग आणि फान डर न्युल. काम चालू असताना समोरच्या रस्त्याची पातळी सुमारे मीटरभर वर गेली आणि इमारत बुटकी दिसू लागली. लोकांनी तिला ‘बुडालेली पेटी’ म्हणून हिणवलं. १८६८ च्या एप्रिलमध्ये फान डर न्युलनं आत्महत्या केली. दोन-अडीच महिन्यांत झिकार्ड्सबुर्गही आजारपणात गेला. १८६९ च्या मे महिन्यात मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’नं पडदा उघडला, तेव्हा दोघांपैकी कुणीही नव्हता. १९४५ च्या मार्चमध्ये बॉम्बहल्ल्यात ही इमारत जळाली. दर्शनी भाग आणि मुख्य जिना तेवढा वाचला. १९५५ मध्ये ती पुन्हा उघडली, आणि आज तिच्याशिवाय व्हिएन्नाची कल्पनाच करता येत नाही.

ऑपेरापासून थोडं पुढे कलासंग्रहालय लागतं. इथे किमान अर्धा दिवस द्या. दोनच दिवस हातात असतील तर शोनब्रुनची दालनं सोडा, पण हे सोडू नका. पीटर ब्रॉयगल या फ्लेमिश चित्रकाराची जगातली सर्वांत मोठी चित्रसंपदा इथे आहे, ती हाब्सबुर्ग या ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या संग्राहकांमुळे. ‘बर्फातले शिकारी’ हे १५६५ चं चित्र पाहताना आधी अगदी जवळ जा. थकलेली कुत्री, पाठमोरे शिकारी, डाव्या बाजूला विस्तवाभोवतीची माणसं. मग चार पावलं मागे या, म्हणजे खाली गोठलेल्या तळ्यांवर खेळणारं सगळं गाव दिसेल. हातात जवळजवळ काहीच न लागलेले हे शिकारी आणि खालचा तो खेळ, दोन्ही एकाच नजरेत बसवणारा दुसरा चित्रकार मला ठाऊक नाही.

पण आत शिरतानाच, मुख्य जिन्यावर, वर मान करून पाहा. खांबांच्या आणि कमानींच्या मधल्या चिंचोळ्या जागांत गुस्टाव क्लिम्टनं रंगवलेली चित्रं आहेत. इजिप्त, ग्रीस, इटली, प्रत्येक काळ त्या त्या काळाच्या पोशाखात. १८९१ ची ही कामगिरी म्हणजे रिंगच्या शैलीचा आज्ञाधारक नमुना आहे. मग तिथून चालत ‘सेसेशन’ या बंडखोर कलावंतांच्या गटाच्या इमारतीत जा. सहा वर्षांनी, १८९७ मध्ये, हाच क्लिम्ट प्रस्थापित कलावंतांची संघटना सोडून बंडखोरांचा अध्यक्ष झाला, आणि योझेफ मारिया ओल्ब्रिशनं त्यांच्यासाठी हे पांढरं, जवळजवळ बिनखिडक्यांचं प्रदर्शनगृह बांधलं. वर सोनेरी लॉरेलच्या पानांचा घुमट. शेजारी भाजीबाजार भरत असे, म्हणून लोक त्याला ‘सोन्याचा कोबी’ म्हणू लागले. दारावर लिहिलंय : ‘काळाला त्याची कला, कलेला तिचं स्वातंत्र्य.’ तळघरात क्लिम्टचं १९०२ चं बीथोव्हन भित्तिचित्र आहे, चौतीस मीटर लांब. जिन्यावरची चित्रं सकाळी आणि हे दुपारी असं एकाच दिवशी पाहा. अकरा वर्षांत एक माणूस कुठून कुठे गेला ते डोळ्यांना दिसतं.

आता मला सर्वांत प्रिय असलेल्या चौकात येऊ या. मिखाएलरप्लाट्झ. एका बाजूला होफबुर्ग, म्हणजे सम्राटाचा राजवाडा, त्याचं हिरव्या घुमटाचं अर्धगोलाकार प्रवेशद्वार, हर्क्युलिसचे पुतळे, सोनेरी नक्षी. त्याच्या बरोब्बर समोर आडोल्फ लोसनं १९०९ ते १९११ या काळात एका शिंपी पेढीसाठी बांधलेली इमारत आहे. खालचे मजले हिरव्या शिरांच्या संगमरवराचे, महागड्या दगडाचे. वर मात्र नुसता पांढरा गिलावा आणि साध्या चौकोनी खिडक्या. महिरप नाही, पुतळा नाही, वेलबुट्टी नाही. लोकांनी तिला ‘भुवया नसलेलं घर’ म्हटलं. नगरपालिकेनं मध्येच काम थांबवलं. अखेर काही खिडक्यांखाली फुलांच्या कुंड्यांसाठी धातूच्या पेट्या बसवायच्या, अशी तडजोड झाली. त्या पेट्या आजही तिथे आहेत. हे घर नजरेला पडू नये म्हणून सम्राट त्या बाजूचे पडदे ओढून घेत असे, ही आख्यायिका तुम्हाला प्रत्येक मार्गदर्शक सांगेल.

ते जी गोष्ट सहसा सांगत नाहीत, ती मी सांगतो. राजवाड्याचं ते प्राचीन वाटणारं प्रवेशद्वार १८८९ ते १८९३ मध्ये बांधलेलं आहे. तिथे आधी जुनं राजनाट्यगृह होतं, ज्यात मोझार्टच्या ‘फिगारो’चा पहिला प्रयोग १७८६ मध्ये झाला. रिंगवर नवं नाट्यगृह तयार झाल्यावर जुनं पाडलं आणि दीडशे वर्षांपूर्वीचे आराखडे बाहेर काढून त्याबरहुकूम हा घुमट उभारला. म्हणजे समोरासमोरच्या या दोन इमारतींत फार तर वीस वर्षांचं अंतर आहे! एक आपलं वय वाढवून सांगते, दुसरी आपल्या काळाचीच भाषा बोलते. लोसनं १८९८ मध्येच लिहिलं होतं की या शहरातली घरं सिमेंटचे ओतीव दागिने ठोकून महाल असल्याचा आव आणतात. ते लिहिणं त्यानं या चौकात, सम्राटाच्या दारासमोर, बांधून दाखवलं. मला तो माणूस म्हणून हेकट वाटतो, त्याची सगळी मतं मला पटत नाहीत. पण या जागी तो बरोबर होता.

अशीच दुसरी जोडी रिंगच्या पूर्व टोकाला आहे आणि तिकडे सहली फिरकत नाहीत. ओटो वाग्नरची टपाल बचत बँक, पहिला टप्पा १९०६ मध्ये पुरा झाला. भिंतीवरच्या दगडी लाद्यांवर ॲल्युमिनियमच्या टोप्यांचे खिळे उघडे ठेवलेत, काहीच लपवलेलं नाही. आत काचेच्या छताचं दालन आहे आणि खालची जमीनही काचेच्या विटांची, म्हणजे उजेड तळमजल्याखालच्या खोलीतही उतरतो. किरकोळ बचत करणाऱ्या माणसांसाठी ही बँक होती. आता पाठ फिरवा. रिंगच्या पलीकडे साम्राज्याचं युद्ध मंत्रालय, माथ्यावर पंख पसरलेला दुतोंडी गरुड. ते पुरं झालं १९१३ मध्ये, म्हणजे बँकेनंतर. पाच वर्षांत ज्या साम्राज्याचा तो गरुड, ते उरलं नाही.

पुढचं लिहिताना, बोलताना जड जातं. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला. रिंगवरचे कितीतरी महाल ज्यू कुटुंबांचे होते; ती लुटली गेली, परागंदा झाली, मारली गेली. क्लिम्टची चित्रं विकत घेणारा, त्याला पोसणारा वर्गच नाहीसा झाला. बेल्व्हेडेर राजवाड्यात तुम्ही क्लिम्टचं ‘चुंबन’ हे चित्र पाहायला जाल, जरूर जा. पण त्याच संग्रहातलं आडेले ब्लॉख-बाउअरचं सोनेरी व्यक्तिचित्र आज तिथे नाही. नाझींनी त्या कुटुंबाकडून बळकावलेली क्लिम्टची पाच चित्रं २००६ मध्ये वारसांना परत द्यावी लागली. ती परत गेली हे योग्यच झालं.

या पळालेल्यांपैकी काही जण आपल्या मुंबईत आले. वॉल्टर लँगहॅमर हा व्हिएन्नात शिकवणारा चित्रकार. पत्नी ज्यू असल्यानं दोघांना देश सोडावा लागला. मुंबईत तो टाइम्स ऑफ इंडियात कलाविभागाचा प्रमुख झाला. व्हिएन्नाचेच इमॅन्युएल श्लेझिंगर चित्रं विकत घेणारे रसिक निघाले. रझा, आरा, हुसेन, सूझा ही मंडळी तरुण आणि कफल्लक होती, तेव्हा त्यांची चित्रं गांभीर्यानं पाहणारे डोळे यांचे होते. मुंबईच्या आधुनिक चित्रकलेचा एक झरा या शहरातून वाहत आला आहे, आणि आपल्या किती पर्यटकांना हे कुणी सांगतं?

शेवटी, कार्ल्सप्लाट्झहून यू-फोर ही मेट्रो पकडा आणि शेवटच्या स्थानकापर्यंत, हायलिगनश्टाटला जा. हा मार्ग मुळात वाग्नरच्या नागरी रेल्वेचा, त्याची स्थानकं वाटेत दिसत राहतात. बाहेर पडलात की समोरच कार्ल-मार्क्स-होफ. वाग्नरचाच विद्यार्थी कार्ल एन यानं १९२७ ते १९३० मध्ये नगरपालिकेसाठी बांधलेली कामगारांची वसाहत. लांबी किलोमीटरपेक्षा जास्त, १,३८२ घरं. प्रचंड कमानी, ध्वजस्तंभ, लालसर-पिवळा रंग. भूखंडाचा थोडाच भाग बांधलेला, बाकी अंगणं आणि झाडं. धुलाईघरं, स्नानगृहं, बालवाड्या, ग्रंथालय, दातांचा दवाखाना, सगळं आत. १९३४ च्या फेब्रुवारीत सरकारी फौजांनी या घरांवर तोफा डागल्या, कारण इथल्या कामगारांनी शस्त्रं उचलली होती.

मी सांगितलेल्या इमारतींत या एकीच्या समोर प्रतिस्पर्धी नाही. तिचा प्रतिस्पर्धी आपण मागे टाकून आलेली सगळी रिंग आहे. तिथे धनिकांना जमीन विकून शहर घडलं. इथे, १९२३ च्या घरबांधणी करातून, आलिशान घरांवर चढे दर लावून. भिंतीवर लाल अक्षरांत तसं लिहूनच ठेवलंय. ही घरं आजही नगरपालिकेच्या मालकीची आहेत; शहराकडे अशी सुमारे २,२०,००० घरं आहेत आणि त्यांत सामान्य व्हिएन्नाकर राहतात. अंगणांत फिरायला कुणी अडवत नाही. फक्त खिडक्यांकडे कॅमेरा रोखू नका, आणि दुपारी मुलं शाळेतून येण्याच्या वेळेला गेलात तर वसाहत वापरात असलेली पाहायला मिळेल.