अक्का समोर आहे

(मैदान, सकाळ. सुतळी, फक्की.)

फक्कीची रेघ सरळ यायला आधी सुतळी ताणावी लागते. पत्र्याच्या डब्याला खालून भोकं पाडलेली आहेत. डबा हलवत पीटीचे सर सुतळीच्या कडेकडेनं मागं सरकतात. मधलं वर्तुळ आखताना रेघ क्रिकेटच्या सिमेंटच्या खेळपट्टीवर चढते आणि पलीकडं उतरते. खेळपट्टीवर पहाटेच माती पसरून ठेवली आहे, पोरी पडल्या तर गुडघे सोलून निघू नयेत म्हणून. बाकी सगळा मुरूमच. त्यावर कोण काय पसरणार?

सोलापुरात फुटबॉल खेळायचा तो क्रिकेटमधून उरलेल्या जागेत. २०२४ च्या जानेवारीत इथल्या पार्क स्टेडियमवर महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर असा रणजी सामना झाला. मणिपूर म्हणजे फुटबॉलवेडं राज्य. तिथली पोरं एवढ्या लांबून सोलापुरात आली, तीही क्रिकेट खेळायला! होम मैदान नावाचं मैदान म्हणाल, तर संक्रांतीला तिथं गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा भरते. बाकीच्या मैदानांवर पहाटे पोलीस भरतीची पोरं धावतात, मग चालायला येणारे काका-काकू, आणि ऊन चढलं की टेनिस बॉलच्या मॅचेस, एकाच मैदानात तीन-चार. मुलींच्या फुटबॉलला जी वेळ मिळते ती या सगळ्यांच्या अधेमधे.

(दोन्ही संघ रांगेत.)

आज शालेय स्पर्धेतला सतरा वर्षांखालच्या मुलींचा सामना आहे. निळ्या जर्सीत चार नंबर, बचावात मधोमध उभी आहे ती थोरली. पंधरा वर्षांची, नववीत. पिवळ्या जर्सीत अकरा नंबर, वेणी दुमडून घट्ट बांधलेली, ती धाकटी. चौदा वर्षांची, आठवीत. सकाळी दोघी एकाच रिक्षातून आल्या. उतरल्यावर एक या झाडाखाली गेली, दुसरी त्या.

(पूर्व भाग. गल्ली, घर.)

घर पूर्व भागात. गल्लीत यंत्रमागाची खटखट, घरात तेलुगू. वडील मागावर, आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. पान कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायची, टोक नखानं आत दाबायचं, दोरा गुंडाळायचा. कॅमेरा लावून होईपर्यंत तिची एक जुडी बांधून झाली होती. मजुरी हजार विड्यांवर मिळते, म्हणून बोलतानाही हात थांबत नाहीत.

सख्ख्या बहिणी दोन शाळांत कशा? शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागा गरीब आणि वंचित घरांतल्या मुलांना मिळतात. अर्ज जास्त, जागा कमी, म्हणून सोडत निघते. थोरलीच्या वेळी नंबर लागला नाही. पुढच्या वर्षी धाकटीचा लागला. थोरली मराठी शाळेत, धाकटी इंग्रजी. दप्तरं वेगळी, डबा एकाच भाकरीचा.

फुटबॉल मात्र दोघी एकाच ठिकाणी शिकल्या, यंत्रमाग कारखान्याच्या भिंतीपुढं. धाकटी चेंडू घेऊन यायची, अक्का अडवायची. अडवला की आत जाऊन जेवायचं, असा नियम. धाकटी बऱ्याचदा उशिरा जेवली आहे.

(बूट. जवळून.)

आता हे बूट बघा. आजवर घरात स्टडवाल्या बुटांची एकच जोडी होती. माप थोरलीचं. धाकटीचा सामना असला की पुढं चवड्यात चिंधी कोंबायची आणि नाडी घोट्याभोवती दोन वेढे घालून बांधायची. थोरलीच्या शाळेची मॅच सकाळी, धाकटीच्या शाळेची दुपारी, असं असलं की प्रश्न नसायचा. एकदा तर एकीनं मैदानातून बाहेर येऊन तिथंच बूट काढून दिले आणि दुसरी ते घालून उतरली. यंदा सोडतीत दोन्ही शाळा समोरासमोर आल्या, आणि घरात सगळ्यांत आधी विचार झाला तो बुटांचा.

दुसरी जोडी गल्लीतल्याच एका मुलानं दिली. डाव्या बुटाचा तळ पुढून पार उघडलेला.

(कन्ना चौक. चांभारकाका.)

काकांनी बूट हातात घेतला, तळ वाकवून पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "बॉल कुठल्या पायानं मारती?"

उजव्या, असं धाकटीनं सांगितलं. मग डाव्याला चिकटवून भागेल, काका म्हणाले. ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "न्हाई, डाव्याला पण शिवाच."

आधी रापीनं जुना गोंद खरवडून काढला. सोल्युशन लावून बूट उन्हात ठेवला. मग आरी. तळाला आधी बारीक खाच पाडायची, म्हणजे दोरा आत बसतो आणि मुरमानं घासून तुटत नाही. आरी खालून वर जाते, दोरा तिच्या टोकाला अडकतो, खाली येतो, त्यातून दुसरं टोक ओवून दोन्ही बाजूंनी खेचायचं. चवड्यापाशी काकांनी टाके जवळजवळ घातले. दोन स्टड झिजून सपाट झाले होते. तिथं त्यांनी जुन्या टायरचे तुकडे कापून बसवले. बहुतेक अकॅडम्यांच्या जाहिरातींत दिसत नाही असं हे फुटबॉलचं साहित्य.

(सामना सुरू.)

सख्खी-सावत्र भावंडं समोरासमोर येण्याचे प्रसंग मोठ्या फुटबॉलमध्येही मोजकेच. २०१० च्या विश्वचषकात जोहान्सबर्गला जेरोम बोआतेंग जर्मनीकडून आणि त्याचा सावत्र भाऊ केविन-प्रिन्स घानाकडून खेळला. विश्वचषकात भाऊ विरुद्ध भाऊ हे पहिल्यांदाच घडलं. २०१६ च्या युरोत ग्रानित झाका स्वित्झर्लंडकडून, तर त्याचा भाऊ तौलांत अल्बानियाकडून उतरला. त्यांची आई अर्धा स्विस, अर्धा अल्बानियन झेंडा असलेला टी-शर्ट घालून स्टेडियममध्ये बसली होती.

इथली आई कारखान्यात विड्या देऊन, उद्याची पानं घेऊन थेट मैदानावर आली आहे. पिशवी शेजारी, पदर डोक्यावर. धाकटी पाणी प्यायला येते तेव्हा विचारते, "कुणाकडून ओरडलालीस गं?" आई म्हणते, "बूट बघू. निघाला का?"

पहिल्या अर्ध्यात धाकटीला अक्का हलू देत नाही. ही चेंडू घेऊन येणार, एक दचका देणार आणि उजव्या पायावर आत वळणार, हे थोरलीला भिंतीपासून पाठ आहे. ती आधीच तिथं उभी असते. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा धाकटी मुरमावर लोळण घेते, आणि थोरली हात द्यायला वाकते, मग रेफरीकडं बघून सरळ होते.

पण धाकटीलाही एक फायदा आहे. निळ्या संघातल्या निम्म्या मुली पूर्व भागातल्या. त्यांच्या हाका तेलुगूत. पिवळ्या संघात ते कुणाला कळत नाही, हिला सगळं कळतं. कोण पुढं सरकणार, थ्रो कुणाला जाणार, ही आधीच ओरडून सांगते. हाफटाइमनंतर बघा, थोरलीनं तोंड बंद करून नुसते हात दाखवायला सुरुवात केली आहे. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. बाजूला उभ्या असलेल्या सरांच्याही उशिरा लक्षात आलं.

आणि हा तो चेंडू. धाकटी उजवीकडनं येते. दचका. अक्का आतल्या बाजूला, नेहमीच्या जागी. धाकटी वळत नाही. बाहेरून जाते आणि डाव्या पायानं मारते. डावा पाय तिनं तिच्या शाळेच्या मागच्या अंगणात मधल्या सुट्टीत घोटला होता. भिंतीपुढं एकदाही नाही. घरातल्या कुणी तो पाहिलेलाच नव्हता.

(गोल. निवेदन नाही. मैदानाचा आवाज. थोरलीचा चेहरा, मग आई.)

सामना एक-शून्य असा संपला. पिवळा संघ पुढच्या फेरीत हरला.

कायद्यातलं मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीची फी घरच्यांनी भरायची, आणि ती या घराला झेपणारी नाही. जूनमध्ये धाकटी अक्काच्या शाळेत येईल, तेव्हा दोघींची जर्सी एका रंगाची होईल. सरावाला मैदान कधी मिळणार हे सरांना अजून कळवलेलं नाही. थोरली तेव्हा दहावीत असेल. दहावीच्या वर्षी तिनं खेळायचं की नाही, यावर घरात अजून बोलणं झालेलं नाही.