कॅनव्हासचे अस्तर: तैलचित्राच्या आधीचे काम

मित्रहो,

तैलचित्राची चर्चा करताना आपण रंगसंगतीविषयी, रेखाटनाविषयी, छायाप्रकाशाविषयी भरभरून बोलतो. पण हे सारे ज्याच्यावर उभे राहते त्या अस्तराचा, म्हणजे रंगाआधी कापडावर किंवा फळीवर देतात त्या लेपाचा, विषय दोन वाक्यांत आटोपतो. आजचे माझे बोलणे केवळ त्या अस्तराविषयी आहे. अस्तर हा चित्राचाच पहिला थर आहे असे मी मानतो. ते किती पांढरेशुभ्र दिसते यावरून त्याची पारख करू नये. ते किती तेल शोषते आणि किती अडवते यावरून करावी. पुढे जे जे सांगणार आहे ते या एका गोष्टीशी येऊन मिळते.

प्रथम अस्तर लागतेच कशाला, ते पाहू. कॅनव्हाससाठी उत्तम समजले जाणारे कापड म्हणजे लिनन, आणि तैलरंगात सर्वाधिक वापरले जाणारे तेल म्हणजे जवसाचे तेल. लिननचा धागा जवसाच्याच खोडापासून काढतात, म्हणजे कापड आणि तेल दोन्ही एकाच रोपाची. आणि तरीही त्यांचे एकमेकांशी मुळीच जमत नाही. जवसाचे तेल वाळते म्हणजे ते पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होत जाते, ही क्रिया वरवर रंग वाळलेला दिसल्यानंतरही वर्षानुवर्षे चालू राहते, आणि तिच्यात जे आम्लधर्मी पदार्थ तयार होतात ते धाग्यातल्या सेल्युलोजला कमकुवत करतात. तेल प्यायलेले कापड काही दशकांत तपकिरी पडते, ताठ होते आणि शेवटी बोटाच्या दाबानेही फाटू शकते. अमेरिकन चित्रकार हेलन फ्रँकेंथेलर यांनी १९५२ साली ‘माउंटन्स अँड सी’ हे चित्र अस्तर न लावलेल्या कापडावर पातळ तैलरंग ओतून केले. त्या चित्रात रंगाच्या डागांभोवती तेल पसरून उमटलेली वलये दिसतात. रंग जागेवर थांबला आणि तेल कापडातून पुढे निघून गेले, हे तिथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

हे निघून गेलेले तेल कापडाचे नुकसान करते, तसेच रंगाचेही करते. रंगद्रव्याच्या कणांना एकमेकांशी आणि पृष्ठभागाशी धरून ठेवणारे तेलच कापडाने ओढून घेतले, की वर उरलेला रंग निस्तेज आणि भुकटीसारखा होतो. शिवाय कापड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे सैलावते आणि आखडते, तर जुना होत जाणारा तैलरंग अधिकाधिक ताठ होतो. या दोघांच्या मध्ये असा थर हवा, जो कापडाला घट्ट धरील, रंगाला पकड देईल, थोडे तेल शोषील आणि बाकीचे अडवील.

जुन्या काळी हे काम सरस आणि पांढरी पूड यांच्या मिश्रणाने होत असे. प्राण्यांच्या कातड्यापासून केलेला सरस कोमट पाण्यात विरघळवून त्यात जिप्सम किंवा खडूची पूड मिसळली, की जेसो तयार होई. दक्षिण युरोपात जिप्समचा वापर अधिक होता, उत्तरेकडे खडूचा. इटलीतील चित्रकार चेन्निनो चेन्निनी याने १४०० च्या सुमारास ही कृती बारकाईने लिहून ठेवली आहे. भाजलेले जिप्सम भरपूर पाण्यात घालून महिनाभर रोज ढवळत राहावे, असे तो सांगतो. या ढवळण्याला पक्के कारण आहे: भाजलेले जिप्सम पाण्याशी संयोग पावून दगडासारखे आवळते, सतत ढवळल्याने त्याची ही शक्ती संपते आणि लोण्यासारखी मऊ, न आवळणारी पूड हाती येते. असा जेसो लाकडी फळीवर एकावर एक अनेक हात, म्हणजे थर, देऊन घासला, की हस्तिदंतासारखा गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो.

फळी हलत नाही, म्हणून हा ठिसूळ थर तिच्यावर शतकानुशतके टिकला. ताणलेल्या कापडावर तोच जाड थर दिला तर तडे जाणार हे ठरलेलेच. म्हणून चित्रकार कापडाकडे वळले तसा जेसोचा थर पातळ झाला, आणि पुढे सरसाऐवजी तेलात घोटलेली अस्तरे रूढ झाली. प्रत्येक मोठ्या चित्रकाराच्या कार्यशाळेने आपल्यापुरता उपाय शोधलेला दिसतो. डच चित्रकार रेम्ब्राँने १६४२ साली पूर्ण केलेल्या ‘नाइट वॉच’ या चित्राच्या रंगाखाली गारगोटीची पूड आणि माती तेलात कालवून दिलेले अस्तर आहे, आणि त्याच्याही खाली कापडात मुरवलेला शिसेयुक्त तेलाचा थर असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले आहे. अस्तराकडे किती विचारपूर्वक पाहिले जात असे याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

आज दुकानात डब्यावर जेसो लिहिलेले जे मिळते ते बहुधा ॲक्रिलिक जेसो असते. १९५५ साली हेन्री लेव्हिसन यांच्या कंपनीने लिक्विटेक्स या नावाने तो बाजारात आणला. त्यात सरस नाही. पाण्यात विखुरलेले ॲक्रिलिक बंधक (पूड धरून ठेवणारा कृत्रिम चिकट पदार्थ), पांढरेपणासाठी टायटॅनियम डायऑक्साइड आणि शोषकता व खरखरीतपणा यांसाठी खडूसारखी पूड असते. वाळल्यावर तो लवचीक राहतो, त्यामुळे ताणलेल्या कापडावर चालतो. जुना जेसो मात्र आजही लाकडी फळीसाठीच वापरावा. जुन्या पुस्तकातली कृती वाचून ती ॲक्रिलिक जेसोला लावणे, किंवा याच्या उलट करणे, यातून पुष्कळ गोंधळ होतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. कापड चौकटीवर ताणताना उभे आणि आडवे धागे चौकटीच्या कडांना समांतर राहतील याची काळजी घ्यावी. स्टेपल प्रत्येक बाजूच्या मध्यापासून मारायला सुरुवात करून समोरासमोरच्या बाजू घेत कोपऱ्यांकडे जावे. ताण सर्वत्र सारखा हवा. अतिशय घट्ट नको, कारण पाण्याचा अंश असलेला पहिला हात बसताच सुती कापड आखडते आणि आधीच करकचून ताणलेले असेल तर हलकी चौकट पिळवटते. पुढे कापड सैलावले तर कोपऱ्यांतल्या खाचांत पाचरी ठोकून ताण परत आणता येतो, म्हणून मोठ्या चित्रासाठी पाचरी बसवता येतील अशीच चौकट निवडावी.

जेसोच्या आधी कापडाला बंदिस्त करणारा एक पातळ, पारदर्शक थर देण्याची पद्धत आहे. परंपरेत हे काम सरसाने होई: सुक्या सरसाच्या सुमारे दहापट पाणी घेऊन तो रात्रभर भिजवायचा, दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवायचा, पण उकळू द्यायचा नाही, कारण उकळल्याने त्याची चिकटण्याची ताकद जाते. थंड होऊन जेलीसारखा झालेला सरस रुंद पट्टीने कापडावर ओढला, की तो धाग्यांच्या फटी बुजवतो आणि आत फार मुरत नाही. या पदार्थाबद्दल मला आदर आहे, तरी कापडासाठी मी आज त्याची शिफारस करणार नाही. सरस हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो. कोरड्या हवेत तो जबर ताण देतो आणि अतिशय दमट हवेत त्याचा जोरच संपतो. जुन्या तैलचित्रांवरच्या तड्यांमागे ही हालचाल हे एक मोठे कारण आहे. त्याऐवजी आम्लरहित पीव्हीए (एक कृत्रिम पांढरा गोंद) किंवा ॲक्रिलिकचे पारदर्शक माध्यम यांचे दोन पातळ हात पुरेसे होतात. ॲक्रिलिक जेसो थेट कापडावर देता येतो हे खरे, पण पातळ अशा एक-दोन हातांमधून तेल खाली झिरपू शकते. ज्याला चित्र दीर्घकाळ टिकावे असे वाटते त्याने हा आधीचा थर वगळू नये.

जेसोचा पहिला हात हा सर्वांत महत्त्वाचा. त्यात थोडे पाणी घालावे, साधारण पाव भागापर्यंत. अधिक पाण्याने बंधक विरळ होतो आणि थर कच्चा राहतो. रुंद, ताठ केसांच्या ब्रशने जेसो नुसता वर पसरवू नये, विणीत दाबून भरावा. काम करताना मधूनच चौकट उचलून मागची बाजू उजेडाकडे धरावी. जेसो मागच्या बाजूला टिपक्याटिपक्यांनी उमटत असेल तर तो फार पातळ झाला आहे किंवा आधीचा थर अपुरा पडला आहे. समोरून तिरप्या उजेडात पाहिले तर न भरलेल्या फटी सुईच्या टोकाएवढ्या काळसर छिद्रांसारख्या दिसतात. वरचा प्रत्येक थर त्या छिद्रांवर पूल बांधत जातो, त्यांना भरत नाही. म्हणून ती पहिल्याच हातात भरली पाहिजेत. ओले असताना कापड झोळीसारखे पडते, त्याने घाबरून पाचरी ठोकू नयेत. वाळल्यावर ते आपोआप ताणले जाते.

दुसरा हात पहिला वाळल्यावर, त्याच्या आडव्या दिशेने द्यावा. एकूण तीन ते चार पातळ हात बहुतेक कामाला पुरतात. जाड एकच हात देऊन वेळ वाचवण्याचा मोह टाळावा, कारण त्याचा वरचा पापुद्रा आधी वाळतो आणि आतला भाग नंतर आखडून बारीक तडे पाडतो. खोलीचे तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर काम पुढे ढकलावे. इतक्या थंडीत ॲक्रिलिकचे कण एकमेकांत नीट मिसळून सलग थर बनत नाही.

दोन हातांच्या मध्ये बारीक सँडपेपरने हलके घासले, की धाग्यांच्या गाठी आणि ब्रशचे उंचवटे निघून जातात. व्यक्तिचित्रासारख्या नाजूक कामासाठी हे घासणे अधिक काळजीने करावे, रंगाचा जाड लेप देणाऱ्याने पोत तसाच राखला तरी चालेल. घासताना तोंडावर मास्क हवा आणि उडालेली पूड ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. शेवटच्या हातावर मात्र घासघास करू नये. फार गुळगुळीत झालेल्या अस्तरावर तेलाला धरायला काही उरत नाही.

आणि आता शोषकता. कडेला किंवा उरलेल्या तुकड्यावर थोडा तैलरंग लावून पाहावा. अस्तर फार शोषक असेल तर ब्रश अडखळतो, रंग ओढला जात नाही आणि काही मिनिटांतच त्याची चकाकी जाऊन तो खडूने रंगवल्यासारखा दिसू लागतो. पूड जास्त आणि बंधक कमी असलेल्या स्वस्त जेसोत हा दोष हमखास आढळतो. अशा पृष्ठभागावर चित्र पूर्ण केले तर काळे आणि गडद तपकिरी भाग मलूल पडतात. चित्रकार मग ते उजळण्यासाठी वर तेल चोळत बसतो आणि ते तेल पुढे पिवळे पडते. उलट अस्तर अजिबात शोषत नसेल तर रंग काचेवर सरकावा तसा सरकतो, आणि वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटण्याची भीती राहते. यांच्या मधली अवस्था हाताला लगेच कळते: रंग सहज पसरतो, पण पहिला स्पर्श जागेवर थांबतो. अस्तर जास्त शोषक निघाले तर पातळ केलेल्या ॲक्रिलिक माध्यमाचा एक हात देऊन ते आटोक्यात आणता येते. काम फुकट गेले असे समजू नये.

ज्यांना कमी शोषक आणि मखमली ओढ हवी असते ते तेलाचे किंवा अल्किडचे (तेलापासून केलेल्या कृत्रिम राळेचे) अस्तर वापरतात. परंपरेने ते लेड व्हाइटचे, म्हणजे शिशापासून केलेल्या पांढऱ्या रंगाचे, असे, आणि लवचीकपणात त्याची बरोबरी करणारे पांढरे द्रव्य क्वचितच मिळते. परंतु शिसे विषारी आहे आणि त्याची पूड घासण्याचे काम घरी करूच नये. टायटॅनियमचे तेल-अस्तर हा सुरक्षित पर्याय आहे. झिंक व्हाइट (जस्तापासून केलेला पांढरा रंग) असलेले अस्तर मी टाळायला सांगेन, कारण तेलातले झिंक काळाच्या ओघात ठिसूळ होते आणि वरचे थर त्याच्यापासून सुटे होतात. ॲक्रिलिक जेसोवर तैलरंग चालतो. पण तेल-अस्तरावर, किंवा तैलरंगाने रंगवलेल्या जुन्या कॅनव्हासवर, ॲक्रिलिक जेसो कधीही लावू नये. तो तेलकट पृष्ठभागाला घट्ट धरत नाही आणि पोपडे येतात. जुने चित्र पुसून पुन्हा वापरण्याची सवय असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

पांढरेशुभ्र अस्तर अनेकांना डोळ्यांवर येते. अशा वेळी अस्तरावर पातळ केलेल्या मातकट रंगाचा एक हलका हात दिला, की उजेड आणि सावली यांच्या मधली पातळी आधीच हाती लागते. ॲक्रिलिक जेसोत थोडा ॲक्रिलिक रंग मिसळूनही हे साधते. मात्र तैलरंग त्यात मिसळू नये.

तयार कॅनव्हास विकत घेणाऱ्यांसाठीही हे सारे लागू आहे. बहुतेक तयार कॅनव्हासवर अस्तर असते, पण किती हात दिले आहेत हे वेष्टनावरून नेहमी कळत नाही. मागची बाजू उजेडाकडे धरून विणीतून ठिपक्यांसारखा उजेड आरपार येतो का ते पाहावे आणि कोपऱ्यात तेलाचा एक थेंब ठेवून दुसऱ्या दिवशी मागे डाग आला का ते तपासावे. शंका आली तर आणखी दोन हात द्यावेत.

शेवटचा हात हाताला कोरडा लागला तरी रंगकामाला लगेच बसू नये. पाणी थराच्या आतून निघून जायला वेळ लागतो. निदान एक पूर्ण दिवस, आणि जाड थर किंवा दमट हवा असेल तर तीन दिवस थांबणे मला योग्य वाटते. या अवकाशात चौकटीच्या मागच्या लाकडावर पेन्सिलीने कापड कोणते, आधीचा थर कशाचा, जेसो कोणता, किती हात आणि कोणत्या तारखेला दिले, हे लिहून ठेवावे. कापडावर लिहू नये, खूण समोर उमटू शकते. पुढे कधी ते चित्र दुरुस्तीला गेले, तर काम करणाऱ्याला कोणते द्रावण चालेल आणि कोणते नाही हे त्या चार ओळींवरून ठरवता येईल.