वस्तादानं पोरांना कामाला लावावं

नमस्कार श्रोतेहो. कोल्हापुरातली कुठलीही पेठ घ्या, तिथं तालीम असते आणि तालमीला वस्ताद असतो. मातीत उतरणारी पोरं आता कमी झाली, तरी वस्तादाचा शब्द अजून चालतो. देशप्रेम आणि नागरिकाचं कर्तव्य शिकवायचं तर ते याच माणसानं शिकवावं. मात्र भाषणानं नव्हे. डाव जसा आधी करून दाखवायचा, मग पोराकडून करून घ्यायचा आणि चुकला की तिथंच थांबवायचं, तसंच हेही.

संविधानाच्या ५१-क कलमात ११ मूलभूत कर्तव्यं आहेत. ती पाठ करून घेऊ नका. 'सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण' हे शब्द पोराच्या डोक्यावरून जातात. त्यापेक्षा गल्लीतला बंद दिवा त्याच्या अंगावर टाका. खांबाचा नंबर, जवळची खूण, दिवा कधीपासून बंद, एवढं लिहून महापालिकेत अर्ज द्यायचा. दोन प्रती न्यायच्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. पोरं एकाच अर्जात दिवा, गटार आणि भटकी कुत्री कोंबतात, मग तो अर्ज या खात्यातून त्या खात्यात फिरत राहतो. काहीच हललं नाही तर माहिती अधिकार आहे. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. त्यात 'दिवा का लावला नाही' असं भांडायचं नाही. 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, त्याच्या नोंदींच्या प्रती द्या' असं मागायचं.

खरी परीक्षा पंचगंगा घेते. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ साली पाणी कुठवर आलं, हे नदीकाठच्या गल्ल्यांना सांगायला नको. म्हणून मे महिन्यातच घरटी यादी करून घ्या. एका जोडीला दहा-पंधरा घरं पुरेत. अंथरुणाला खिळलेलं कोण, गरोदर कोण, डायलिसिस कुणाचं, दावणीला म्हशी किती, आणि पाणी आलं तर हे घर कुठं जाणार? जोडीत मुली हव्यातच. घरातल्या बायका निम्म्या गोष्टी पोरांना सांगतच नाहीत. यादी कागदावर लिहा. नुसती मोबाइलमध्ये ठेवली की वीज गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती गायब. गेल्या वर्षीचीच यादी पुढं ओढू नका, भाडेकरू बदललेले असतात. पाणी ३९ फुटांवर गेलं की आजारी माणसं हलवायला लागायचं. ४३ ची वाट पाहिली तर रस्ता पाण्याखाली जातो आणि म्हातारं माणूस नावेत चढवावं लागतं. पुरात उडी मारून शौर्य दाखवणाऱ्याला मात्र वस्तादानं चारचौघांत दम द्यावा.

राहिलं मतदान. १७ पूर्ण झालेल्यांना नमुना ६, म्हणजे मतदार यादीत नाव नोंदवायचा अर्ज, आगाऊ भरता येतो. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर यांपैकी ज्या तारखेला १८ पूर्ण होतील, तिथून नाव लागायला पात्र. अर्ज पोरानं स्वतः भरावा आणि यादीत नाव आलं का तेही त्यानंच पाहावं. मत कुणाला द्यायचं, हे वस्तादानं सांगायचं नाही, विचारायचंही नाही. नमस्कार.