चिल्टर्नचा कारभारी

नमस्कार मंडळी! आज जाऊया इंग्लंडात, लंडनच्या वायव्येला, बकिंगहॅमशायर काउंटीत. जुन्या काळी काउंटीचे भाग पाडलेले असायचे, त्यांना हंड्रेड म्हणायचे, आणि शिवाय गावोगावी पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. कोर्ट भरवणं, चोर धरणं हे हंड्रेडकडे. गोरगरिबांना पोसणं पॅरिशकडे, १६०१च्या कायद्याने तर ते बंधनकारकच झालं. परत सांगते, हंड्रेडकडे चोर, पॅरिशकडे गरीब. पॅरिश आजही आहेत, १८९४पासून त्यांना कौन्सिल पण मिळाली, हंड्रेडचं काम मात्र संपलं.

तरी तीन हंड्रेडचा कारभारी अजून नेमला जातो! स्टोक, बर्नहॅम आणि डेस्बरो, म्हणजेच चिल्टर्न हंड्रेड्स. डोंगराळ भाग, बीच नावाच्या झाडांचं दाट रान, दरोडेखोरांची भीती, म्हणून तिथे राजाचा कारभारी असायचा. आता गंमत ऐका. ब्रिटिश खासदाराला राजीनामाच देता येत नाही, १६२४चा ठराव आहे तसा. पण राजाकडची लाभाची नोकरी घेतली की खासदारकी आपोआप जाते. म्हणून ज्याला सुटायचंय तो हे कारभारीपद मागतो, काम शून्य, पगार शून्य, पण कायद्याच्या लेखी ती लाभाचीच नोकरी. (आपल्याकडचे राजीनामे खिशात घालून फिरणारे तिथे काय करतील देव जाणे.)

तर २०११ साली जेरी अ‍ॅडम्स, उत्तर आयर्लंडातले खासदार, ब्रिटनपासून वेगळं होऊ पाहणाऱ्या सिन फेन पक्षाचे नेते, ब्रिटिश राणीशी निष्ठेची शपथ घ्यायची नाही म्हणून सभागृहात कधी बसलेच नाहीत, त्यांना शेजारच्या स्वतंत्र आयर्लंड देशातली निवडणूक लढवायची होती. त्यांनी सरळ पत्र लिहिलं, मी राजीनामा देतोय, बास. पद मागितलंच नाही. अर्थमंत्र्यांनी तरी नेमणूक करून टाकली, चिल्टर्नसारखंच खासदारांना सोडवणारं दुसरं, यॉर्कशायरातलं नॉर्थस्टेडचं पद, आणि पंतप्रधान कॅमेरॉन भर सभागृहात म्हणाले की अ‍ॅडम्स आता नॉर्थस्टेडचे बॅरन, म्हणजे सरदार झाले! सगळे हसले. म्हणजे बघा, जन्मभर राजसत्तेला विरोध केलेला माणूस, आणि त्याच्या गळ्यात राणीची नोकरी, तीही न मागता! अ‍ॅडम्स म्हणाले मी असलं काही स्वीकारलेलं नाही, शेवटी पंतप्रधानांच्या ऑफिसने त्यांची माफी मागितली. खासदारकी मात्र गेली ती गेलीच.

२०२३मध्ये माजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन खासदारकीतून बाहेर पडले ते चिल्टर्नचे कारभारी होऊनच.