लाईट आली अन् डीपी गेली

रामराम मंडळी. शेतात असाल, घरी असाल, नाहीतर एसटीच्या स्टँडवर कानात वायर घालून बसला असाल, पंधरा मिनिटं माझ्यासाठी काढा. मी लातूरला बायोकेमिस्ट्री शिकवते, म्हणजे शरीरात आत काय शिजतं काय जळतं ते पोरांना सांगते, आणि आज विषय हृदयाचा आहे पण सुरुवात डीपीपासून, म्हणजे शिवारातल्या लाईटच्या ट्रान्सफॉर्मरपासून करणार आहे, कारण हे मला पुस्तकानी नाही तर आमच्या नानांनी समजावून दिलं.

नाना म्हणजे माझे चुलते. औशाकडं त्यांचं शेत आहे, बोअर आहे, आणि बोअरच्या स्टार्टरला ऑटो स्विच. आता हे तुम्हाला काय सांगायचं, रात्री दीडला लाईट येणार म्हणून कोण जागं राहतंय, सगळ्या शिवारातले स्टार्टर ऑटोवर टाकलेले, मग लाईट आली की एका झटक्यात पंचवीस-तीस मोटरी सुरू होतात आणि डीपीतून धूर निघतो. लाईट नव्हती तोवर डीपी शाबूत होती, जळाली ती लाईट आल्यावर.

दोन वर्षांमागं नानांना अटॅक आला. छातीत दुखायलंय म्हणून सांगितलं पण पित्त असेल म्हणून दोन तास घालवले, मग जीपनी लातूर, अँजिओप्लास्टी, नस मोकळी झाली. आणि नस मोकळी झाल्या झाल्या मॉनिटरवर ठोके वेडेवाकडे पडायला लागले. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, रक्त परत आलं की असं होतं कधीकधी, आणि थोड्या वेळात ते बसलं पण. चार दिवसांनी मी नानांना सांगत होते की रक्त बंद पडल्यानं नुकसान होतंच पण ते परत येतानाही थोडं होतं, तर नाना म्हणले, "बाई, मग हे आमच्या डीपीसारखंच हाय की." वर्गात मी हा धडा कित्येक वर्षं शिकवतेय, इतकं नेमकं मला कधी सुचलं नव्हतं.

आता आतली गोष्ट. हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोका देतं, रविवार नाही पोळा नाही. एवढ्या कामाला ताकद पुरवायला त्याच्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारक्या भट्ट्या असतात, आणि हृदयाच्या स्नायूपेशीची जवळजवळ एक तृतीयांश जागा या भट्ट्यांनीच व्यापलेली असते. ऑक्सिजन पण भरपूर लागतो, रक्त एका फेरीत जेवढा घेऊन येतं त्यातला सत्तर टक्क्यांच्या वर हृदय काढून घेतं, तेही आपण निवांत बसलेलो असताना. आणि भट्टी म्हटली की ठिणगी आलीच. थोडे इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतात, ऑक्सिजनला चिकटतात आणि तयार होतो सुपरऑक्साईड. ही झाली ठिणगी, आणि भट्टीच्या भोवती तर सगळा कडबाच आहे, पेशीची चरबीची पडदी, प्रोटीन, डीएनए.

मग रोज आग का लागत नाही? कारण विझवणारी माणसं भट्टीच्या शेजारीच उभी आहेत. पहिला गडी सुपरऑक्साईड डिस्म्युटेज, त्याला आपण एसओडी म्हणू. हा काय करतो ते 1969 साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच या दोघांनी दाखवलं. भट्टीच्या आतल्या एसओडीला मँगनीज लागतं, बाहेरच्याला तांबं आणि जस्त. 1995 मध्ये उंदरांमधला हा आतला एसओडी काढून टाकून बघितला तर पिल्लं दहाएक दिवसांतच गेली, आणि त्यांची हृदयं फुगलेली, ढिली पडलेली. बाकी सगळं जागेवर होतं, एक गडी नव्हता फक्त.

पण एसओडी ठिणगी पूर्ण विझवत नाही बरं का, तो तिचं हायड्रोजन पेरॉक्साईड करतो. हे तुमच्या ओळखीचं आहे, मेडिकलवरून आणून जखमेवर टाकतो आणि फसफस फेस येतो तेच. तो फेस म्हणजे आपल्याच पेशीतलं कॅटालेज नावाचं एन्झाईम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतंय. लिव्हरमध्ये कॅटालेज भरपूर, हृदयात मात्र बऱ्यापैकी कमी, त्यामुळं हृदयाची मदार दुसऱ्यावर, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजवर. आणि हे वेळेत झालं नाही, पेरॉक्साईडला मोकळं लोह भेटलं, की हायड्रॉक्सिल रॅडिकल बनतं, रॅडिकल म्हणजे अशा ठिणग्याच, पण याला विझवणारा गडीच नाही, जे शेजारी दिसेल ते जाळतं.

या पेरॉक्सिडेजला सेलेनियम लागतं, अगदी चिमूटभर. चीनमधल्या केशान भागात 1935 मध्ये एक हृदयाचा आजार ओळखला गेला, लेकरं आणि तरण्या बाया त्यात जायच्या, पुढं कळलं की तिथल्या मातीतच सेलेनियम कमी, म्हणून धान्यात कमी, म्हणून माणसात कमी. सेलेनियम द्यायला लागले तसा आजार खूप कमी झाला. मातीत जे नाही ते ताटात कुठून येणार, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणि हा पेरॉक्सिडेज ज्याच्या जोरावर ठिणगी विझवतो ते ग्लुटाथायोन एकदा वापरलं की संपलं असं नाही, ते बॅटरीसारखं परत चार्ज होतं, चार्जिंग येतं एनएडीपीएच नावाच्या रेणूतून, आणि ते पेशी बऱ्याच अंशी साखरेतून बनवते. म्हणजे हे सगळं चालू संसारासारखं आहे, वापर, भर, परत वापर. ठिणग्या जरा वाढल्या की एनआरएफ-2 नावाचं प्रोटीन पेशीच्या केंद्रात जाऊन सांगतं, गडी वाढवा. म्हणून थोड्या ठिणग्या पाहिजेतच, त्या निरोप देतात.

आता परत नानांच्या डीपीकडं. नस बंद पडली की भट्टीला ऑक्सिजन नाही, पण आत सक्सिनेट नावाचं जळण साठत राहतं. केंब्रिजच्या संशोधकांनी 2014 मध्ये उंदरांत दाखवलं की रक्त परत आलं की हे साठलेलं सक्सिनेट एकदम पेटतं, इलेक्ट्रॉन उलटे धावतात आणि सुपरऑक्साईडचा लोंढा सुटतो. सक्सिनेट म्हणजे ऑटोवर टाकून ठेवलेले स्टार्टरच की! आणि गडी तर आधीच थकलेले, बॅटरी उतरलेली.

इथं एक नीट ऐका, नाहीतर कुणीतरी म्हणेल मग नस उघडायचीच कशाला. नस उघडली नाही तर स्नायू मरतोच, त्यात शंका नाही. जितका उशीर तितका स्नायू जास्त मरतो, म्हणून नानांसारखं पित्त पित्त करत दोन तास बसू नका.

मग नानांचा पुतण्या पुण्याहून अँटिऑक्सिडंटच्या, म्हणजे या ठिणग्या विझवतात म्हणून विकतात त्या गोळ्यांची बाटली घेऊन आला, महागाची, डब्यावर लाल हृदय छापलेलं. मला विचारलं. मी म्हणलं, व्हिटॅमिन ई घेऊन लोकांनी बघितलंय, साडेनऊ हजार माणसांवरचा होप नावाचा अभ्यास 2000 साली आला, रोज 400 युनिट, वर्षानुवर्षं, अटॅक काही कमी झाले नाहीत. 2005 मध्ये त्याचाच पुढचा भाग आला तर गोळी घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर उलट जास्त दिसलं. मला यात फार नवल वाटत नाही, ठिणगी उडते भट्टीत, एका क्षणात विझवावी लागते, आणि आपण वेशीवर पाण्याचा टँकर उभा करून ठेवतो. शिवाय तो निरोपवाल्या ठिणग्याही विझवत असेल तर? जवसाची चटणी, अंबाडीची भाजी, करडीचं तेल, हे खावं चवीसाठी अन् पोटासाठी, औषध म्हणून नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या मात्र सोडायच्या नाहीत, ती वेगळी गोष्ट आहे. आणि बिडीच्या एकेका झुरक्यात इतके रॅडिकल आत जातात की त्यावर कुठल्याच बाटलीचं काही चालत नाही, नानांनी बिडी सोडली, तंबाखूचं मात्र अजून भांडण चालूय.

व्यायामाचं वेगळं आहे. उंदीर-घुशींवर बघितलंय, रोज पळवलं की हृदयातला तो भट्टीच्या आतला एसओडी वाढतो. हे मी नानांना सांगितलं, डॉक्टरांनी पण चालायला सांगितलेलंच होतं. मागच्या महिन्यात गेले तर स्टार्टरचा ऑटो स्विच काढून टाकलेला. आता दिवसाची लाईट असली की नाना घरापासून बोअरपर्यंत चालत जातात, पाऊण किलोमीटर आहे, हातानी बटन दाबतात, अन् मोटर बंद करायला परत एकदा जातात. शेजारचे अजून ऑटोवरच आहेत, डीपी या रब्बीत दोनदा जळाली.

येते मी, रामराम.