दोन मिलीअँपिअर

आवाज थांबलेत. कानाशी शिव्या देणारं, हुकूम सोडणारं आता कुणी नाही. शेजारी पाळत ठेवतात हा संशयही ओसरलाय. गोळ्या लागू पडल्या आणि घरच्यांच्या जिवात जीव आला. पण वाण्याकडून चार वस्तू आणायला गेलेला मुलगा दोनच घेऊन परततो. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत त्याची सुरुवात मनातून निसटलेली असते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "बरा झालायस ना, मग हातपाय हलव की!" या बोलण्यानं माणूस किती खचतो, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

स्किझोफ्रेनिया हा मनोविकार लक्ष, स्मरणशक्ती, विचारांचा वेग यांवरही घाला घालतो, आणि बऱ्याचदा पहिला भास होण्याच्या आधीपासून. एमिल क्रेपलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञानं हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच हेरलं होतं. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आलं, भास आटोक्यात येऊ लागले. विचारशक्तीला मात्र अशा औषधांचा फारसा आधार मिळाला नाही. आणि नोकरी टिकणार का, एकट्यानं व्यवहार जमणार का, हे बरंचसं तिच्यावरच ठरतं.

म्हणून डोक्यावरून मेंदूला सौम्य वीजप्रवाह देण्याचा हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. त्याचं नाव ट्रान्सक्रॅनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन, थोडक्यात टीडीसीएस.

तंत्रज्ञ आधी टेपनं डोकं मोजतो. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. डाव्या कपाळाच्या वर, केसांत, एक खूण होते. तिथले केस बाजूला सारून मिठाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज बसवतात. त्याच्या आत इलेक्ट्रोड. दुसरा स्पंज बऱ्याचदा उजव्या भुवईच्या वर. स्पंज फार ओला झाला, तर पाणी ओघळून करंट भलतीकडे पसरतो. कोरडा राहिला, तर त्वचा चुरचुरते. मग प्रवाह हळूहळू चढतो, २ मिलीअँपिअरपर्यंत. थोडी खाज, थोड्या मुंग्या. साधारण २० मिनिटं.

"शॉक देणार का?" हा प्रश्न नातेवाइकांच्या मनात येतोच. इसीटी, म्हणजे ज्याला आपण शॉक म्हणतो, त्यात भूल देऊन, शेकडो मिलीअँपिअरचा प्रवाह सोडून आकडी आणतात. योग्य रुग्णासाठी तोही मोलाचा उपचार आहे. इथे मात्र भूल नाही, आकडी नाही. माणूस जागा असतो, बोलत असतो.

यातला बराच करंट डोक्याच्या त्वचेतूनच निघून जातो. जो आत पोचतो, तो मेंदूच्या पेशींना जबरदस्तीनं कामाला लावत नाही, त्यांची तयारी थोडी वाढवतो. २००० साली जर्मनीतल्या गॉटिंगनमध्ये मायकेल नित्शे आणि वाल्टर पाउलुस यांनी दाखवून दिलं, की प्रवाह बंद झाल्यावरही हा परिणाम काही मिनिटं रेंगाळतो.

आता फरक पडतो का, हे मोजणारी चाचणी. पडद्यावर एकेक अक्षर येतं. क. म. र. म. दोन अक्षरांआधी हेच होतं का? असेल, तर बटण दाबायचं. ऐकायला सोपं, पण प्रत्येक नव्या अक्षरासोबत जुनं सोडायचं आणि मधलं धरून ठेवायचं. स्किझोफ्रेनियात नेमकी हीच पकड सैल होते.

अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच सत्रांनंतर लक्ष आणि अशा तात्पुरतं धरून ठेवणाऱ्या स्मृतीच्या (वर्किंग मेमरी) गुणांत सुधारणा दिसली. तुलनेसाठी काहींना लुटुपुटीचा करंट दिला जातो: सुरुवातीला मुंग्या येतात, मग प्रवाह गुपचूप बंद. नंतरच्या अभ्यासांचे निकाल मात्र एकसारखे नाहीत. कुठे थोडा फायदा, कुठे काहीच फरक नाही. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत टीडीसीएसवर बरंच काम झालंय, मुख्यतः भासात ऐकू येणाऱ्या आवाजांसाठी.

निकाल असे का विखुरतात? कवटीची जाडी, मेंदूच्या घड्या प्रत्येकाच्या वेगळ्या. दोघांना तेवढेच २ मिलीअँपिअर दिले, तरी आत पोचणारा प्रवाह सारखा नसतो. म्हणून काही संशोधक आता एमआरआयवरून आधीच त्याचा अंदाज बांधतात. काही जण करंटसोबत स्मरणशक्तीचा सराव घेतात, कारण पेशी तयार असतील, तर त्याच वेळी त्यांना काम मिळायला हवं. मला स्वतःला ही वाट जास्त पटते.

इंटरनेटवर अशी यंत्रं विकत मिळतात. कृपा करून ती मागवून घरी लावू नका. आणि करंट सुरू आहे म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. संशोधनातही बहुतेक रुग्णांची औषधं चालूच असतात.